निरोग्यांची पेटी

मे महिना अर्धा सरला तरी होल्बी गावाच्या दलदलीतलं पाणी उतरेना. लाउस्ट खड्ड्यात पोटरीभर गार पाण्यात उभा राहून काळी माती कापत होता. त्याची बायको सिड्सेल काठावरून एकेक ओलं ढेकूळ उचलून एकचाकी हातगाडीत रचत होती. ती ढेकळं वाळली की त्यांच्या पीटच्या विटा होणार आणि त्या विटा जाळून हिवाळा निघणार. पण वाळायला आधी ऊन तर पडायला हवं. समुद्राकडून येणारा वारा नुसता ओला होता. सिड्सेलचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, आणि परकराची खालची कड इतकी जड झाली होती की पाऊल टाकताना ती घोट्यावर आपटायची.

दुपारी इव्हर ओस्टरगोर बांधावर गाडी थांबवून खाली उतरला. दलदल त्याची, निम्मं पीटही त्याचं. शिवाय त्यांची थोरली मुलगी डोर्थे त्याच्याच गोठ्यात कामाला. त्यामुळे लाउस्टने टोपी काढली.

"सिड्सेल," इव्हर म्हणाला, "तू शेवटची आजारी कधी पडली होतीस गं?"

"सवड मिळाली नाही, मालक."

इव्हर खूश होऊन हसला. "ऐकलंस लाउस्ट? अशीच माणसं हवीत मला. गावच्या आजारपेटीचं काय झालं ते बघितलंत ना? हिवाळ्यात तळ लागला. मास्तरने दोनदा जादा वर्गणी मागितली. आणि गेली कुठे? वीटभट्टीवाल्यांच्या छातीत आणि त्या बोडिलच्या पायांत. आता नवी पेटी काढतोय आपण. नुसत्या निरोगी माणसांची. रविवारी शाळेत डॉक्टर येईल, तपासेल, चिठ्ठी देईल. वर्गणी निम्मी."

"निम्मी?" लाउस्टने फावडं टेकवलं.

"निम्मी. आजारीच नाही कुणी, तर खर्च कसला?" त्याने सिड्सेलच्या दंडावर दोनदा थोपटलं. "असला दंड माझ्या एका घोडीला नाही."

लाउस्ट हसला. सिड्सेलही हसली. गाडी लांब गेल्यावर तिने दंडावर हात फिरवला आणि तिला कळेना, आपण हसलो कशाला.

आजारपेटी गावात आली तेव्हा सिड्सेल अठराची होती, दुसऱ्यांच्या घरी राबत होती. तेव्हापासून तिचं नाव पेटीत. बाईचं वेगळं, नवऱ्याचं वेगळं; ज्याने त्याने आपापलं भरायचं. आजारी पडलं की डॉक्टर, औषध आणि अंथरुणात पडून राहण्याचे थोडे पैसे. सिड्सेलने कधी एक क्रोनसुद्धा घेतला नव्हता. तिची बाळंतपणंही पीट रचता रचता उरकल्यासारखी झाली होती.

तिच्या बापाच्या वेळी पेटी नव्हती. चर्चचं छप्पर दुरुस्त करताना तो पडला, खुबा मोडला. गावसमितीने त्याला गरीबघरात घातलं. गाय गेली, पलंग गेला, मत द्यायचा हक्क गेला. गरीबघरात तो ज्या चमच्याने लापशी खायचा त्या चमच्यावरही समितीचा शिक्का होता. मरेपर्यंत तो शिक्का अंगठ्याखाली झाकून जेवायचा. सिड्सेल भेटायला गेली की तिच्या डोळ्यांत तो अंगठाच भरायचा.

रविवारी चर्च सुटल्यावर शाळेत ही मोठी रांग लागली. एका वर्गात पुरुष, दुसऱ्यात बाया. फळ्याला दोरी बांधून चादर टाकली होती आणि चादरीमागे शहरातला तरुण डॉक्टर बसला होता. बाया आतल्या सदऱ्यावर उभ्या होत्या, हात छातीशी घेऊन, एकमेकींकडे न बघता. सिड्सेलच्या पुढे शिंप्याची बायको होती. खोकला दाबून तिचे डोळे पाण्याने भरले होते. भट्टीवाल्याची एक सून लाली यावी म्हणून गालांना चिमटे काढत होती.

"गोड दिसतेस," कुणीतरी म्हणालं. "डॉक्टरचं लग्न झालंय म्हणे." बाया हसल्या, पण त्या सुनेने चिमटे थांबवले नाहीत.

चादरीमागून बाहेर पडायला दोन वाटा होत्या. चिठ्ठी मिळाली की पुढच्या दाराने अंगणात, तिथे इव्हरच्या बायकोने कॉफी आणि केक मांडला होता. नाही मिळाली की मागच्या दाराने, लाकडं ठेवायच्या खोपटातून. शिंप्याची बायको मागच्या दाराने गेली. जाताना तिने आतापर्यंत दाबलेला सगळा खोकला एकदम सोडला. वर्गातल्या सगळ्या बायांनी तो ऐकला.

डॉक्टरचे हात थंड होते. त्याने नळी पाठीला लावली, पापण्या ओढून बघितल्या, गुडघ्यावर टिचकी मारली. "छाती आहे की लोहाराचा भाता?" म्हणाला. "पुढच्या दाराने."

सिड्सेल चिठ्ठी घेऊन बाहेर आली. कॉफी न घेताच फाटकाकडे निघाली. शाळेच्या दगडी कुंपणावर बोडिल बसली होती.

बोडिल शेजारीण, एकाच भिंतीपलीकडची. विधवा, मोठ्या घरांची धुणी धुणारी. दोन हिवाळे झाले, तिचं हृदय कमजोर झालं होतं आणि पायांत पाणी भरत होतं. पाय मावावेत म्हणून तिने लाकडी जोड्यांची वरची कातडी कापून टाकली होती. गेल्या वर्षी तिच्या कोंबड्यांनी सिड्सेलची कोबीची सगळी रोपं उकरून टाकली होती. त्यावरून दोघींत असं जुंपलं की तेव्हापासून टोमण्याशिवाय बोलणं नव्हतं.

"काय गं," बोडिल म्हणाली, "दातपण मोजले का?"

"तुझे मोजले असते तर लवकर सुटले असते."

बोडिल आपल्या चार दातांनिशी खळखळून हसली. मग हसू थांबलं. "माझं कपाट बघून जा एकदा. ओकचं आहे. मला गरीबघरात नेलं की लिलावात स्वस्तात जाईल, आणि तुला कधीपासून हवंय."

ते खरं होतं. सिड्सेलला ते कपाट खरंच आवडायचं. ती घरी आली आणि चिठ्ठी खिडकीत ठेवली.

संध्याकाळी उकडलेले बटाटे आणि खारवलेला मासा मधे ठेवून नवराबायको बसले. लाउस्टलाही चिठ्ठी मिळाली होती. तो खुशीत होता.

"निम्मी वर्गणी, सिड्सेल. दोघांची मिळून वर्षाला चांगली रक्कम सुटते. छपराला नवा पेंढा घालू."

"आणि जुनी पेटी?"

"ती राहीलच की. ज्यांना हवी त्यांना."

"आजारी माणसांची आजारी माणसांनी भरायची?"

"जो तो आपलं ओझं उचलेल. यात वावगं काय?" लाउस्ट वाईट माणूस नव्हता. हे बोलताना त्याने बायकोच्या ताटात मोठा बटाटा ठेवला. "एकवीस वर्षं भरतेस तू. काय मिळालं तुला?"

"आजारी पडले नाही याचं वाईट वाटतंय तुला?"

"शब्दात पकडू नकोस. मी म्हणतो, हे न्यायाचं नाही. तू राबतेस, आणि पैसे जातात बोडिलला. जिच्या कोंबड्यांना तू दगड मारतेस."

"मारते. उद्याही मारीन." सिड्सेलने बटाटा परत त्याच्या ताटात टाकला. "पण ती गरीबघरात गेली तर दगड कुणाला मारू?"

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही. मला काय मिळालं ते ऐक. एकवीस वर्षं मी अंथरुणाला पाठ टेकली की झोपले. उद्या पडले तर शिक्क्याच्या चमच्याने खावं लागणार नाही हे ठाऊक होतं म्हणून झोपले. हे फुकट मिळालं असं वाटतं तुला?"

"नव्या पेटीतही झोपशील."

"पडेपर्यंत. पडल्यावर मागचं दार आहे."

 तो बटाटा कुणीच खाल्ला नाही.

गावाच्या सभागृहात सभा भरली तेव्हा ओल्या लोकरीचा आणि तंबाखूचा वास कोंडला होता. इव्हर उभा राहिला. तो चांगला बोलायचा, आवाज चढवायचा नाही. कुणाला हाकलत नाही, म्हणाला. प्रत्येकाने आपल्यासारख्यांबरोबर राहावं, एवढंच. चिठ्ठी असेल त्याने या टेबलाशी यावं. नसेल त्याने मास्तर ब्लॉकच्या टेबलाशी.

सिड्सेलने हात वर केला. सभेत ती कधी बोलली नव्हती, आवाज घोगरा निघाला.

"मालक, तुमचा गोठा वीज पडून जळाला तेव्हा गावच्या आगीच्या वर्गणीपेटीने बांधून दिला. माझं घर कधी जळालं नाही. तरी मी भरलं होतं. तेव्हा न जळणाऱ्या घरांची वेगळी पेटी का नाही काढली?"

 इव्हरने मान हलवली, जणू प्रश्न त्याला आवडला.

"वाजवी बोललीस. पण माझा गोठा एकदा जळाला, सिड्सेल. बोडिल दर हिवाळ्यात जळते."

सभागृह हसलं. मागच्या बाकावरचे लोक पाय आपटून हसले. लाउस्ट खाली बघत होता, पण त्याचेही खांदे हलत होते. सिड्सेलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला पुढे काही सुचलं नाही. सुचलं असतं तर कदाचित ती बोलून खाली बसली असती. सुचलं नाही, म्हणून ती चालू लागली. इव्हरच्या टेबलाशी रांग लागली होती, लाउस्ट रांगेत होता. "इकडे, सिड्सेल," तो हळूच म्हणाला. ती त्याच्या शेजारून पुढे गेली, मास्तरच्या टेबलावर तिमाहीची वर्गणी ठेवली आणि डॉक्टरची चिठ्ठी फाडून तुकडे मास्तरच्या राखदाणीत टाकले.

"माझं नाव आहे तिथेच राहू द्या."

मास्तर ब्लॉकने चष्मा काढून पुसला. त्याच्या टेबलाशी शिंपी-शिंपीण होते, भट्टीवाले होते, काठ्या टेकत आलेले म्हातारे होते. "सिड्सेल, तुझं मन चांगलं आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पण ही गाडी चालायची नाही. सगळेच घेणारे. देणारं कोण? नावं कमी झाली तर कोपनहेगनहून येणारं सरकारी अनुदानही जाईल."

"देणारे आणू."

"कुठून?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी बोडिलच तिच्या दारात आली. कुंपणापासून दारापर्यंत येताना ती तीनदा थांबली.

"आभार मानायला आले असशील तर परत जा," सिड्सेल म्हणाली.

"आभार? रोपांवरून मला काय काय बोललीस ते विसरले नाही मी." बोडिल उंबऱ्यावर बसली. "डोकं चालव. मोठ्या घरांतल्या पोरी, गडी. गोठ्यात, शेतात राबणारे. विशी-पंचविशीचे. त्यांची नावं कुठल्याच पेटीत नाहीत. कुणी विचारलंच नाही त्यांना. इव्हरला सुचलं नाही, कारण त्याला गडी माणसं वाटत नाहीत."

सिड्सेल हातातली बादली धरून तशीच उभी राहिली. "मी जाईन विचारायला."

"तू? तुला बोलता येत नाही. सभेत बघितलं सगळ्यांनी. मीपण येते."

"तुला चालता येत नाही."

"तुझ्याकडे हातगाडी आहे."

"पीटची?"

"मग काय, राजाची बग्गी मागवू? ज्याचे पैसे घ्यायचे त्याला आपण कुणासाठी घेतोय ते दिसू दे."

"तुला बघून कोण पैसे देईल?"

"म्हणून तुला बरोबर नेतेय," बोडिल म्हणाली.

तर त्या उन्हाळ्यात होल्बीच्या रस्त्यांवर लोकांनी हे बघितलं: सिड्सेल पुढे वाकून एकचाकी हातगाडी ढकलतेय आणि गाडीत घोंगडीवर बसून बोडिल तिला खड्डे दाखवतेय. "डावीकडे. डावीकडे गं, आंधळी आहेस का?" "गप्प बस, नाहीतर नाल्यात ओतीन." दिवसभराचं काम उरकून, उन्हाळ्यातल्या लांबलेल्या उजेडात, त्या एकेक घर घेत. मुलं मागे धावत. गडी शिट्ट्या वाजवत. एका घरी मालकिणीने कुत्रा सोडला. बोडिलने त्याला आपल्या डब्यातला भाकरीचा तुकडा टाकला आणि तो शेपूट हलवत फाटकापर्यंत पोचवायला आला.

पहिल्या घरी कुणी नाव दिलं नाही. दुसऱ्या घरी एक दणकट पोरगी गवत उलटत होती. तिने विचारलं, "मला काय होणार आहे? मी का भरू हिच्या पायांसाठी?"

बोडिलने मोजे खाली सारले. नडग्या तकतकीत, निळसर दिसत होत्या. "बोट दाब. घाबरतेस काय, दाब." पोरीने दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. "हे चादरी धुऊन झालंय. थंडीत नाल्याच्या पाण्यात उभं राहून. तुझ्या मालकिणीच्याच चादरी. तुझ्याएवढी होते तेव्हा मलाही वाटायचं, मला काय होणार. चार गावची पोरं यायची मला नाचायला न्यायला."

"दोन," सिड्सेल म्हणाली.

"चार!"

पोरगी हसली. मग सिड्सेलकडे वळून म्हणाली, "आणि तू? तू तर धडधाकट आहेस. तुला काय मिळतं?"

सिड्सेलने तिला चमच्याची गोष्ट सांगितली. ती गोष्ट तिने नवऱ्यालाही कधी नीट सांगितली नव्हती. सांगताना तिचा अंगठा आपोआप वाकला. पोरीने गवत उलटायचं दाताळं जमिनीत रोवलं, हात परकराला पुसले. "माझं नाव घाल," म्हणाली.

मग नावं येऊ लागली. एकदम नाही, कुठे एक, कुठे तीन, कुठे शिव्या. ऑगस्टमध्ये त्या दोघी इव्हरच्या गोठ्यात शिरल्या. धारा काढायची वेळ होती. गाईंच्या रांगेत सहा पोरी बसल्या होत्या, त्यांत डोर्थेही. बोडिलने मधल्या वाटेत गाडी उभी करायला लावली आणि बोलायला सुरुवात केली. धारांचा आवाज हळूहळू कमी झाला.

इव्हर दारात येऊन उभा राहिला. "ती गाडी माझ्या गोठ्यातून बाहेर काढ."

"काढते, मालक," सिड्सेल म्हणाली. तिने गाडीच्या दांड्या घट्ट धरल्या. "पोरींचं बोलून होऊ दे."

"या पोरी माझ्या पगारावर आहेत."

"पगार तुमचा, मालक," बोडिल म्हणाली. "फुप्फुसं त्यांची."

इव्हरने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "लाउस्टला सांग," तो सिड्सेलला म्हणाला, "पीट वाळलंय. पण ते घरी वाहायला माझे घोडे मोकळे नाहीत. या वर्षी नाहीत आणि पुढच्या वर्षी दलदलही नाही."

तेवढ्यात डोर्थे तीन पायांच्या स्टुलावरून उठली. सतरा वर्षांची, आईसारख्याच रुंद हाडाची. "आई, माझं नाव घाल."

"तू नोव्हेंबरपासून दुसरी जागा बघ," इव्हर म्हणाला.

"बरं, मालक." ती परत खाली बसली. "ही गाय अर्धी राहिलीय, तेवढी काढून घेते." आणि शांत गोठ्यात तिच्या धारेचा आवाज पुन्हा सुरू झाला. त्या संध्याकाळी बाकीच्या पाचजणींपैकी चौघींनी नावं दिली.

लाउस्टला हे कळलं तेव्हा तो ओरडला नाही, ते जास्त वाईट होतं. "तुझी मान ताठ राहिली," तो म्हणाला, "आता पीट माझ्या मानेवर येणार." दलदलीपासून घरापर्यंत अर्ध्या तासाची चढणीची वाट. बैल नाही, घोडा नाही. घोडेवाल्यांपैकी इव्हरशी वाकडं घ्यायला कुणी तयार नाही. लाउस्टने पाठीवर ओझं वाहायची लाकडी चौकट बांधली, तीवर विटा रचल्या. सिड्सेलने हातगाडी घेतली. पावसापूर्वी सगळं घरात यायला हवं होतं. दिवस दिवस दोघं ती वाट चढत-उतरत राहिले. बोलणं नाही, नुसता श्वास. लाउस्टच्या खांद्यांवर दोऱ्यांचे व्रण उठले, त्यावर सदरा चिकटला. शेवटच्या खेपांना तो फाटकाशी थांबायचा, कुंपणाला धरून उभा राहायचा. दमला असेल, तिला वाटलं. पीट घरात आलं. छपराचा पेंढा मात्र तसाच राहिला.

ऑक्टोबरात सिड्सेलच्या ध्यानात आलं, की लाउस्ट आता जमिनीवर पडलेली वस्तू उचलत नाही. मासा खाली पडला तर पायाने सरकवतो. सकाळी तिच्या आधी उठतो, म्हणजे उठताना ती बघणार नाही. एका सकाळी ती मुद्दाम डोळे मिटून जागी राहिली. लाउस्ट अंथरुणाच्या कडेला आला, उशीचं टोक दातांत धरलं आणि भिंतीला धरून हळूहळू उभा राहिला. कपाळावर घाम. आवाज नाही.

"लाउस्ट."

तो गर्रकन वळायला गेला आणि वळता आलं नाही. उशी तोंडातून पडली.

"कधीपासून?"

"पीटपासून. डावा पायही बधिर होतो." तो भिंतीकडे बघत बोलत होता. "कुणाला बोलू नकोस. मार्चमध्ये डॉक्टर परत येणार. दर मार्चला येणार म्हणे, निरोगी आहेत ते निरोगीच आहेत ना बघायला. लोहाराला तर आताच पेटीतून काढलं. बोटं दुखतात असं कॉफी पिताना बोलून गेला बिचारा."

"म्हणून कण्हतही नाहीस? स्वतःच्या घरात?"

"भिंत पातळ आहे." पलीकडे बोडिलचं घर होतं. "ती बोडिल आणि गप्प राहणार?"

सिड्सेल त्याच्या पाठीला हात लावायला गेली. तो मागे सरला, मग पुढे आला. कमरेच्या वर मांस दगडासारखं घट्ट झालं होतं.

"आमच्या पेटीत ये," ती म्हणाली.

"आता? मोडल्यावर?"

"विचारते."

नोव्हेंबरात जुन्या पेटीची सभा शाळेत भरली. बाक अपुरे पडले. गडी आणि पोरी खिडक्यांत बसल्या होत्या. मास्तर ब्लॉकने सांगितलं, अनुदान राहिलं, पेटी हिवाळा काढेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग लाउस्ट उभा राहिला, बाकाला धरून, टोपी हातात घेऊन, आणि म्हणाला की त्याला परत यायचंय. पाठ गेली म्हणाला. लपवलं काही नाही.

 सगळे सिड्सेलकडे बघत होते. घेतलं असतं त्यांनी, तिच्या तोंडाकडे बघून. तेव्हा पुढच्या बाकावरून बोडिल म्हणाली:

"माझा विरोध आहे."

"बोडिल!" शिंपीण म्हणाली.

"काय बोडिल? निरोगी होता तेव्हा तिकडे, मोडला की इकडे? मग उद्या त्या पेटीतला प्रत्येक जण हेच करेल. चांगली वर्षं इव्हरला, वाईट वर्षं आम्हाला. या पोरींनी त्यासाठी नावं दिली का?" तिला धाप लागली होती, पण ती थांबली नाही. "सिड्सेलने मला अख्खा उन्हाळा ढकललं, ठाऊक आहे मला. म्हणून हे बोलायचं नाही होय?"

लाउस्टची मान खाली गेली. सिड्सेलला बोडिलचा इतका राग आला, की कोंबड्यांच्या वेळीही आला नव्हता. पीट का वाहावं लागलं ते सांगावं, ही पाठ कुणापायी मोडली ते सांगावं, असं जिभेवर आलं. खिडकीतली दणकट पोरगी तिच्याकडे बघत होती. गवत उलटणारी.

सिड्सेल उठली. "बोडिल बरोबर बोलतेय," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला खूप वेळ लागला. "पण मागचं दार आपल्या पेटीला नको. त्याला घ्यावं. सोडून गेल्यापासूनची सगळी वर्गणी त्याने पूर्ण भरावी. आणि मे महिन्यापर्यंत काही मिळणार नाही. डॉक्टर नाही, औषध नाही, काही नाही. फक्त भरायचं. मेनंतर तो आपल्यातलाच. पाठीसकट. जो येईल त्याला हाच नियम. इव्हर आला तरी."

"इव्हर आला तरी," बोडिल म्हणाली, आणि सगळ्यात आधी तिने हात वर केला.

घरी येताना रस्ता गोठून कडक झाला होता. लाउस्ट काठी टेकत चालत होता.

"माझी बायको," तो शेवटी म्हणाला. "माझा हिवाळा असा सभेत वाटून टाकलास."

"तुझं कामही मीच करणार आहे. शहरातल्या डॉक्टरला मी खिशातून देईन, डोर्थेच्या नव्या जागेचा पगार येईल. निघेल हिवाळा."

"तुला बोलता आलं असतं, ही पाठ तुझ्या हट्टापायी गेली म्हणून."

"आलं असतं."

"मग?"

"ते तुझं माझं आहे. पेटीचं नाही." ती थांबली, तो जवळ येईपर्यंत उभी राहिली. "ते मी फेडीन, लाउस्ट. घरात."

घरात आल्यावर तिने चुलीत पीट घातलं, वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि त्याचे जोडे काढले. मग काखेत हात घालून त्याला अंथरुणावर आडवं केलं. पाठ टेकली तसा लाउस्टचा चेहरा पिळवटला. सवयीने त्याचा हात उशीच्या टोकाकडे गेला.

सिड्सेलने उशी ओढून घेतली.

"कण्ह," ती म्हणाली.

"अगं, भिंत..."

"चांगला मोठ्याने कण्ह. पलीकडे बोडिलला ऐकू जाऊ दे."

लाउस्टने तिच्याकडे बघितलं. मग त्याने तोंड उघडलं आणि पीटच्या दिवसांपासून आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर सोडलं. तो आवाज असा निघाला की खिडकीची काच थरथरली. भिंतीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला, आणि बोडिल ओरडली, "ऐकलं! मेपर्यंत काही मिळणार नाही!"

"ठाऊक आहे!" लाउस्ट ओरडला, आणि पुन्हा कण्हला, अजून मोठ्याने.